काळ्यावर पांढरा

करीम: नाय साहेब, तीन लिटर रंगामधी नाय भागनार. तुमी म्हनता ते साध्या गाडीचं. ही टॅक्सी हाय.

सुयश: टॅक्सी होती. परमिट सरेंडर झालंय. आता प्रायव्हेट आहे.

करीम: कागदावर झाली प्रायव्हेट. पत्र्यावर अजून टॅक्सीच हाय ना. असं बघा. टप, बॉनेट, डिकी, चार दरवाजे, चार मडगार्ड. स्प्रेगननं भाईरून एक हात मारला की पाऊन लिटर जातो. पांढऱ्या गाडीवर परत पांढरा मारायचा तर चार हातांत काम खलास. ते तुमचे तीन लिटर. पन इथं बाजू काळी, टप पिवळा. चार हात मारले तर बाजू राखाडी दिसनार आन टप पिवळट. काळ्यावर पांढरा म्हंजे सहा हात धरा.

सुयश: मग सहा मारा. साडेचार लिटर.

करीम: भाईरून साडेचार.

सुयश: आतून पण पाहिजे.

करीम: आतून म्हंजे?

सुयश: दरवाजा उघडला की जी कड दिसते ती. बॉनेटच्या खालून. डिकीच्या आत. पेट्रोलच्या झाकणामागे. सगळीकडे.

करीम: एवढं कोन करत नाय साहेब. भाईरून चकाचक झाली की झालं. डिकीत कोन डोकावतंय?

सुयश: डोकावतात. सामान ठेवताना डिकी उघडतातच की. अठरा दिवसांनी माझं लग्न आहे. मुलीकडची माणसं असतील, फोटोवाला असेल. कुठे बोटभरसुद्धा पिवळं दिसायला नको.

करीम: मुबारक हो. मग आनखी दीड लिटर. झाले सहा. थिनर वेगळं. आन इकडं डाव्या बाजूला मीटर होता, त्याची चार भोकं हायत. ती वेल्डिंग मारून बुजवायला लागतील.

सुयश: बुजवा. कळता कामा नये तिथे काही होतं म्हणून.

करीम: घेतली कोनाकडून?

सुयश: अं? एका टॅक्सीवाल्याकडून. ओळखीतून.

करीम: मानूस नीट असनार. मी मघापासून बोटानं ठोकत चाललोय, बघितलं ना? पोचा बुजवायला आत लांबी भरलेली असली की भद्द वाजतं. इथं सगळीकडं पत्राच वाजतोय. पंच्याहत्तरची गाडी, बावीस वर्षं मुंबईत टॅक्सी चालली आन मडगार्डला एक पोचा नाय. तळवलीत माझ्याकडं एवढ्या गाड्या येतात, असा ड्रायव्हर मी नाय बघितला.

सुयश: असेल कोणी. भायखळ्याच्या स्टँडवरचा. या लोकांचं काय हो, दिवसभर बिडी ओढत बसायचं आणि जवळचं भाडं आलं की मान फिरवायची. सीटकव्हरं तर मी काढून फेकून दिली. वास जात नव्हता.

करीम: कसला वास?

सुयश: टॅक्सीचा. दुसरा कसला.

करीम: टॅक्सीला वेगळा वास असतो होय. बरं, कागद दाखवा. रंग बदलायचा तर कागद बघितल्याबिगर मी गनला हात लावत नाय. रोडवरून काय काय गाड्या येतात, आमाला नंतर ताप.

सुयश: घरी राहिले. संध्याकाळी आणून देतो. तुम्ही काम सुरू करा ना.

आप्पा: कागद हितं हायत.

सुयश: आप्पा...

करीम: या या. तुमी कोन? आप्पा म्हनले हे, वळखीचे का?

आप्पा: समदेच आप्पा म्हनत्यात मला. स्टँडवर बी त्येच नाव. ही गाडी माझी व्हती, मिस्त्री. ह्या साहेबांनी घेतली. कागद माझ्याकडंच राहिले व्हते, म्हनून आलो बसनं.

करीम: अरे वा. मग तुमचीच तारीफ चालली होती इथं.

आप्पा: ऐकली. जरा दम खात भाईर उभा व्हतो. साहेब, मी बिडी न्हाई ओढत. तेवढं सांगतो.

सुयश: तसं... तसं नव्हतं म्हणायचं मला.

आप्पा: असू द्या की. ओढत्यात बरेच जन.

करीम: बसा चाचा, त्या डब्यावर बसा. बरं झालं आलात. मला एक सांगा, हिला रंग किती वेळा मारलाय?

आप्पा: दर पासिंगला. वर्साला एकदा. टपाला पिवळा, बाजूंना काळा. रविवारी भाडं बंद ठेवायचो आन मीच मारायचो, ब्रशनं.

करीम: खाली जुना खरवडून?

आप्पा: न्हाई. वरच्यावर मारत गेलो.

करीम: बावीस वर्षं वरच्यावर?

आप्पा: व्हय.

करीम: मग तर माझा अंदाज पार चुकला, साहेब. बावीस हात ब्रशचे खाली असताना वर गननं पांढरा मारला तर आठ-दहा दिवसांत तडकनार. तुमच्या वरातीत पापड निघाले असते. हे सगळं पत्र्यापर्यंत खरवडायला पायजे. मग दोन लिटर प्रायमर. प्रायमर बसला की वर पांढरा चार हातांत झाकतो. म्हंजे भाईरून तीन, आतून दीड. साडेचार. चाचा आले नसते तर सहा लिटर रंग मी तुमच्या डोळ्यांसमोर वाया घालवला असता.

सुयश: खरवडायला किती दिवस?

करीम: चार धरा. लग्नाच्या आधी देतो, टेन्शन नको.

आप्पा: मागचा उजवा दरवाजा जपून खरवडा. त्येच्यात खाली पानी साचतं. पत्रा पातळ झालाय तिथं.

करीम: बघा साहेब. अजून जीव अडकलाय त्यांचा गाडीत. इकली कशाला चाचा? हिला काय झालं नव्हतं.

आप्पा: हिला न्हाई, मला झालं. मोतीबिंदू. रातच्याला समोरच्या गाडीचा दिवा फुटल्यावानी दिसाया लागला. एक दिवस पेडर रोडला एक बाई मधी आली, कचकन ब्रेक मारला. तिला काय झालं न्हाई. पन मी गाडी कडंला घेतली. त्याच दिवशी ठरवलं, बास.

करीम: पोरंबाळं?

आप्पा: एक पोरगा. इंजिनिअर हाय.

करीम: माशाल्ला. मग त्याला द्यायची गाडी. बापाची गाडी घरात राहिली असती.

आप्पा: त्येला... त्येची नवी घ्यायची असंल. चांगल्या कंपनीत हाय.

सुयश: करीमभाई, उशीर होतोय. तो अंदाज एका कागदावर लिहून द्या मला.

करीम: लिवतो, लिवतो. पोरगा बसायचा का चाचा गाडीत?

आप्पा: ल्हान व्हता तवा लय. भाडं नसलं की माझ्या मांडीवर. हॉर्न त्यो वाजवायचा. साळंत मास्तरांनी इचारलं, मोठेपनी कोन व्हनार, तर म्हनला ड्रायव्हर. मी घरी येऊन त्येला समजावलं, तसं म्हनू नको.

करीम: आन मग?

आप्पा: मग म्हनला न्हाई. कालेजात गेला, बांद्र्याला. पावसापान्याचं मी सोडाया जायचो. गेटाच्या अलीकडं एक चौक व्हता, तिथंच उतरायचा. म्हनायचा, आप्पा, फुडं गाडी वळत न्हाई.

करीम: वळत नव्हती?

आप्पा: वळत व्हती. त्यो उतरला की मी फुडं जाऊन गेटापाशीच वळायचो.

करीम: तुमी काय बोलला नाय त्याला?

आप्पा: काय बोलायचं. पोराला मित्र असत्यात. त्येंचे वडील कुठं कुठं असत्यात.

करीम: माझ्या पोरानं असं केलं असतं ना, तर मी त्याला...

सुयश: करीमभाई.

करीम: हां साहेब, लिवतोय. प्रायमर दोन...

सुयश: हे माझे वडील आहेत.

आप्पा: साहेब गंमत करत्यात, मिस्त्री.

सुयश: आप्पा, पुरे.

आप्पा: चांगल्या मनाचे हायत. म्हातारा मानूस उन्हातनं आलेला बघून वाईट वाटलं त्यांना. तुमी लिवा.

सुयश: आप्पा, कागद द्या त्यांना.

आप्पा: कागद मी तुमच्याच हातात देनार, साहेब.

सुयश: द्या इकडे. हे घ्या करीमभाई, वाचा. मूळ मालकाचं नाव वाचा.

करीम: श्यामसुंदर बाबूराव निकम.

सुयश: आणि खाली. आता कोणाच्या नावावर आहे?

करीम: सुयश श्यामसुंदर निकम.

सुयश: मी विकत नाही घेतली. त्यांनी दिली मला. लग्नासाठी. मघाशी तुम्हाला सांगितलं ते सगळं खोटं होतं.

करीम: मी पानी आनतो. माठ मागं हाय.

(करीम शेडच्या मागे जातो. बराच वेळ येत नाही.)

आप्पा: कशाला सांगितलंस? त्यो कोन आपला? रंग मारून दिला असता, झालं असतं.

सुयश: तुम्ही मला साहेब म्हणालात.

आप्पा: तोंडात बसलंय रं. इतकी वर्सं समद्यांनाच म्हनतोय.

सुयश: मी गप्प उभा राहिलो. तुम्ही म्हणत होता आणि मी ऐकत होतो. एकदा तर मला बरंसुद्धा वाटलं, की निभावलं म्हणून. तेवढ्यापुरतं.

आप्पा: मला ठावं हाय. तुज्या तोंडावर दिसलं.

सुयश: बाहेर केव्हापासून होता?

आप्पा: आतून पन पायजे म्हनलास, तिथनं.

सुयश: म्हणजे सगळंच ऐकलंत.

आप्पा: सीटकव्हरं खरंच फेकलीस?

सुयश: हो.

आप्पा: कुठं?

सुयश: सेक्टरच्या कचराकुंडीत. परवा सकाळी.

आप्पा: आईनं शिवली व्हती. गुडघं दुखतंय म्हनत मशीन मारत व्हती. तिला सांगू नको फेकली म्हनून. माळ्यावर ठेवली म्हन. आन हितं झालं त्यातलं बी काही सांगू नको.

सुयश: रागवा तरी माझ्यावर.

आप्पा: राग आला न्हाई, त्येला काय करू. लाज वाटली. भाईर उभा व्हतो तवा वाटलं, पोराला एवढं झाकावं लागतंय, झाकनामागं, डिकीच्या आत, म्हंजे आपनच कायतरी वंगाळ करून ठेवलं असंल. मग आठवाया लागलो, काय केलं. काय आठवंना.

सुयश: तुम्ही काहीच केलं नाहीत आप्पा. मीच...

आप्पा: त्या दिवशी लग्नाच्या बोलनीला गीतांजलीच्या घरी तिच्या वडलांनी मला इचारलं, सर्व्हिसला कुठं होता. मी तोंड उघडायच्या आधी तू म्हनलास, ट्रान्सपोर्टमधी, ऑफिसर. आन मी मान हलवली. घरी येऊन जेवन गेलं न्हाई मला. आईला म्हनलो पोट बिघडलंय.

सुयश: मला वाटलं तुम्हाला ते ऐकूच आलं नाही.

आप्पा: डोळं गेल्यात माझं. कान न्हाई.

सुयश: मी ठरवून नव्हतो गेलो. तिथे ती सगळी मंडळी बसलेली, तिचा काका अमेरिकेहून आलेला, भिंतीवर तिच्या आजोबांचा कोटातला फोटो. तोंडातून निघून गेलं. मग परत घेता येईना. पुढच्या वेळी तिच्या आईने काही विचारलं, तिथे अजून एक जोडलं. तुम्हाला क्वार्टर होती म्हणून सांगितलं.

आप्पा: क्वार्टर?

सुयश: हो.

आप्पा: कुठं?

सुयश: वरळीला.

आप्पा: घोडपदेवच्या खोलीत सात मानसं झोपायचो आपन. तू मोरीत पाय ठेवून झोपायचास. आन वरळीला क्वार्टर. समुद्र दिसत असंल तिथनं.

सुयश: तिच्या आईने तेच विचारलं होतं. मी हो म्हणालो.

आप्पा: पोरीला तरी खरं ठावं हाय का?

सुयश: नाही.

आप्पा: दोन वर्सं एका हापिसात हायसा रबाळ्याला. तिला बी न्हाई?

सुयश: तिला तर मीच पहिल्यांदा खोटं सांगितलं. ती काही विचारत पण नव्हती. कँटीनमध्ये सगळे आपापल्या वडलांचं बोलत होते, मी आपलं सांगून टाकलं, ट्रान्सपोर्टमध्ये आहेत म्हणून. तिला काही फरक पडला नसता, आप्पा. हे मला तेव्हाही माहीत होतं. मलाच पडत होता.

आप्पा: आला बघ त्यो. तोंड पूस.

करीम: पानी घ्या चाचा. थंड हाय.

आप्पा: तुमाला ताप झाला आमचा, मिस्त्री.

करीम: मला कसला ताप. साहेब, खरं सांगू? मला तुमाला लई बोलायचं होतं. मागं माठापाशी उभा राहून मी जुळवत होतो, काय काय बोलू. मग माझे अब्बा आठवले. मिठागरात काम करायचे, तिकडं उरनच्या बाजूला. मीठ लागून लागून पाय फुटलेले, भेगांत बोट जाईल असे. माझ्या निकाहला पनवेलहून मोठी मानसं येनार होती. मला वाटलं, पाय दिसायला नको. कोनाचे तरी बूट आनले आन घातले त्यांच्या पायात. दोन नंबर लहान होते.

आप्पा: घातले त्यांनी?

करीम: सकाळपासून संध्याकाळच्या मगरीबच्या नमाजपर्यंत. पावनं आलं की उठून उभे राहायचे. रात्री आबिदानं, माझ्या बायकोनं, बूट ओढून काढले तवा मोजे रक्तानं चिकटलेले. ती नवी नवरी, पहिलाच दिवस तिचा. तिनं माझ्याकडं बघितलं. ते बघनं अजून मला सोसत नाय. म्हनून तुमाला काय बोललो नाय. कोनत्या तोंडानं बोलू.

आप्पा: अब्बा काय म्हनले?

करीम: काय नाय. म्हनले, बूट चांगले होते.

सुयश: करीमभाई, मी सोमवारी आणतो गाडी. आज नको.

करीम: रंग तर मारावा लागंल साहेब. प्रायव्हेट गाडी काळीपिवळी फिरवली तर हवालदार धरंल.

सुयश: मारायचाच आहे. पण आजच्या दिवस ती अशीच पाहिजे मला.

आप्पा: कशापायी?

सुयश: वाशीला जायचंय. आज शनिवार आहे, गीतांजली घरी असेल. तिचे वडील पण.

आप्पा: सुयश, लग्न हून जाऊ दे. मग सावकाश सांग. तवा कोन काय करनार न्हाई.

सुयश: तेव्हा कोणी काही करू शकणार नाही, म्हणूनच आधी सांगायला पाहिजे ना.

आप्पा: पत्रिका वाटून झाल्या. हॉल घेतलाय. आन त्यांनी मोडलं तर?

सुयश: माहीत नाही. मला भीती वाटतेय, आप्पा. टॅक्सीचं ऐकून नाही मोडणार ते, तशी माणसं नाहीत. मी दोन वर्षं खोटं बोललो हे ऐकून मोडतील. आणि मोडलं तर मला काही बोलता यायचं नाही.

आप्पा: मग?

सुयश: मग काय. जायचं. तुम्ही बसने घरी जा. मी एकटा जातो. तुम्हाला त्या सोफ्यावर परत नेऊन बसवायचं नाहीये मला.

आप्पा: मान मी हलवली व्हती. तू न्हाई. मला बी याया लागंल.

सुयश: आप्पा, नको.

आप्पा: तिच्या वडलांनी मला इचारलं व्हतं. उत्तर माझ्याकडनं राहिलंय.

करीम: सोमवारी रंग किती आनून ठेवू, तेवढं सांगून जा.

सुयश: तीन आणा. आतून राहू दे आता तसंच.

आप्पा: तसंच कसं राहू दे? भाईरनं खरवडनार, मग कडा उघड्या पडनार. दोन पावसाळ्यांत गंज धरंल. साडेचारच आना, मिस्त्री. त्येला गाडीतलं काय कळत न्हाई.

करीम: साडेचार. लिवलं. खुदा हाफिज चाचा.

आप्पा: येतो. तू चालव रं. मला दुपारच्या उन्हात डोळं दिपत्यात. आन आधी घरावरनं घे. सदरा बदलायचा हाय.

सुयश: आहे तसे चला ना आप्पा. आता मला कसलीही लाज नाही वाटायची.

आप्पा: तुज्यासाठी न्हाई. भाड्याला निघतानाबी मी रोज धुतलेलाच घालायचो.